‘घरी नाहीत’ असे सांगणारी पेटी

मित्रांनो, आज माझ्या पोटात वालाचे बियाणे आहे, म्हणून मला बियाण्याचा डबा समजू नका. जर्मनीच्या लढाईच्या आधी मी कर्जतला एका इंग्रज साहेबाच्या फाटकावर टांगलेली होते. माझ्या वरच्या अंगाला एक बारीक फट आहे. पुढच्या अंगावर पांढऱ्या रंगाने इंग्रजी अक्षरे काढलेली होती. त्यांचा अर्थ असा, की ‘मिसेस बार्लो घरी नाहीत’. त्या घरीच असत.

माझा पत्रा जन्माने अमेरिकन आहे. तिकडून घासलेटचा चौकोनी डबा होऊन मी आगबोटीने आले आणि कर्जतच्या बाजारात एका वाण्याच्या दुकानात रिकामी झाले. मग येसाजी नावाच्या कारागिराने मला कापले, ठोकले, डाख लावून जोडले आणि पेटी केली. माझ्या आतल्या अंगाला तेलाच्या शिक्क्याचा तुकडा अजून आहे. त्यामुळे मी राहिले इंग्रजांच्या दारात, पण त्यांच्यातली कधी झाले नाही. परक्या माणसाला घरातले खूप दिसते.

तेव्हा कर्जतला गोऱ्यांचे चार-पाच बंगले होते. या लोकांच्या भेटीची रीत ऐका. कोणी नवा आला, की त्याने भर दुपारी, उन्हात, गळ्यापर्यंत बटणे लावून, प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी जायचे. तिथल्या पेटीत आपल्या नावाचे छापील कार्ड टाकायचे आणि परत फिरायचे. आत जायचे नाही. आतली बाई आरामखुर्चीत पडून वारा घेत असली, तरी पेटीवर लिहिलेले असायचे, की ती घरी नाही. टाकणाऱ्यालाही ठाऊक, की ती आहे. याला ते भेट म्हणत. अशा भेटी झाल्या, की मग जेवणाची बोलावणी सुरू होत.

फाटकावर पोपट नावाचा शिपाई उभा असे. त्याची आई चंद्राबाई बंगल्यांना दूध घाली. तिने एकदा मला हात लावून विचारले, “पोपट, यांना एकमेकाच्या दारात जायला पण तिकीट लागतंय का रं?”

“तिकीट टाकून आत नाय जायचं, आये. परत जायचं.”

“मंग गाडी कुठं जाते?” असे म्हणून ती दुधाची कासंडी सावरत हसत गेली.

मलाही तेच विचारायचे होते.

आंबे संपता संपता समोरच्या लहान घरात एक अमेरिकन जोडपे राहायला आले. कर्जतच्या एका व्यापाऱ्याने भाताच्या गिरणीला नवे इंजिन आणले होते. ते बसवायला हॉलिस नावाचा माणूस आला, आणि त्याच्याबरोबर आली नेली नावाची त्याची बायको. रस्त्याच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला त्यांची पायरी. मला त्यांचे सगळे दिसे.

हॉलिस संध्याकाळी पायरीवर बसून बूट काढी आणि भाजलेले मक्याचे कणीस दातांनी खाई. पोपटशी त्याने पहिल्याच दिवशी हात मिळवला. पोपटने तो हात दिवसभर धोतराला पुसला नाही. नेली काळी कॉफी करी. ती दोघे पितळी पेल्यांतून कॉफी पीत आणि मोठ्याने बोलत. तिच्याबरोबर नवराही भांडी धुई. बार्लोसाहेबाचा घोडा बाहेर निघाला, की हॉलिस इकडून ओरडून विचारी, “काय शेजारी, बरे आहे ना?” साहेब आकाशाकडे पाही आणि म्हणे, “हवा दमट आहे.” कर्जतला पावसाळ्यात हवा दमट असते, हे सांगायला विलायतेहून माणूस यायला नको होता.

नेलीच्या देशात रीत वेगळी. तिथे नवे बिऱ्हाड आले, की जुन्या शेजारणी काहीतरी गोड करून घेऊन येतात आणि तुझे कसे चालले आहे ते विचारतात. म्हणून ती वाट पाहू लागली. रोज दुपारी ती निळा झगा घाली, टेबलावर कप मांडी, आणि व्हरांड्यात येऊन बसे. कोणी येत नसे. संध्याकाळी ती न वापरलेले कप पुन्हा धुऊन ठेवी.

इकडे आमच्या फाटकातून जाता-येता गोऱ्या बायका म्हणत, “ही अमेरिकन बाई फार गर्विष्ठ दिसते. अजून कोणाकडेच आली नाही.” नवख्याने आधी जायचे, हा त्यांचा नियम. तो कोणी तिला सांगितला नाही. नियम सांगणे हेही त्यांच्यात असभ्य होते. ज्याला ठाऊक नाही तो हलका, एवढाच त्यांचा हिशेब. सगळा पावसाळा दोन्ही बाजूंनी असा गेला. मधे गाडी जाईल एवढा रस्ता होता.

नेली मला मात्र रोज वाची. एकदा ती हॉलिसला म्हणाली, “बिचाऱ्या बार्लोबाई! कधी पाहावे तर बाहेरच. गोरगरिबांसाठी किती फिरत असतील!” लोक येऊन माझ्यात काहीतरी टाकतात, हेही तिने पाहिले होते. बाई बाहेर फिरतात आणि दान टाकायला पेटी ठेवून जातात, असे तिने ठरवले. एके दिवशी ती रस्ता ओलांडून आली, माझ्या फटीतून तिने एक रुपया आत टाकला आणि पोपटकडे पाहून हसली. कार्डाखेरीज माझ्यात पडलेली तेवढी एकच चांगली वस्तू.

संध्याकाळी मेमसाहेबांनी, म्हणजे बार्लोबाईंनी, मला उघडले. रुपया पाहून त्यांचे तोंड लाल झाले. “मला काय भिकारीण समजते ती?” त्यांनी पोपटला बोलावून बजावले, “त्या घरातले कोणी आले, केव्हाही आले, तरी आम्ही घरी नाही.”

“केव्हाही, मेमसाहेब?”

“केव्हाही.”

रुपया मात्र त्यांनी परत पाठवला नाही.

आश्विनात नेलीला हिवताप आला. आधी एक दिवसाआड येई, मग रोज येऊ लागला. चंद्राबाई दूध घालायला गेली, तेव्हा नेली जमिनीवर पडलेली होती आणि हॉलिस गिरणीवर होता. चंद्राबाईने कासंडी खाली ठेवली, तिला खाटेवर घातले आणि गिरणीकडे निरोप धाडला. चंद्राबाईच्या घरी गोऱ्यांच्या हातचे पाणी चालत नसे. ती आपली भाकरी घरून फडक्यात आणी आणि अंगणात बसून खाई. पण त्या दिवसापासून ती त्या घरात दोन्ही वेळा जाऊ लागली. वाट पाहून पाहून नेलीकडे शेवटी शेजारीण आली, ती ही. कप तिच्यासाठी मांडले, तर तिने हात जोडले आणि कपांवर फडके झाकले.

मग एके दुपारी ताप डोक्यात चढला. नेली कोणालाही ओळखेना. हॉलिस गोऱ्या डॉक्टरच्या घरी धावला. तिथे कळले, की डॉक्टर बार्लोसाहेबांकडे जेवायला गेले आहेत. तो तसाच पळत माझ्यापाशी आला. डोक्यावर टोपी नव्हती, हात तेलाने काळे होते.

मित्रांनो, डॉक्टरचा टांगा सकाळीच माझ्या शेजारून आत गेला होता. बंगला आंब्यांच्या मागे, खूप आत होता. तिथून हसणे ऐकू येत नव्हते. हॉलिसने फाटकाला हात घातला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. ‘घरी नाहीत.’ त्याने पोपटकडे पाहिले आणि मोडक्या मराठीत विचारले, “डॉक्टर? बार्लोबरोबर? बाहेर गेला?”

पोपटने माझ्याकडे पाहिले. मग जमिनीकडे पाहिले.

“कोनच घरी नाय, साहेब.”

इंग्रज असता, तर हॉलिस हसला असता आणि आत गेला असता. किंवा पोपटला चाबूक दाखवून गेला असता. पण तो अशा गावातून आला होता, जिथे घरी नाही म्हणजे घरी नाही. फाटकावर रंगाने काढून कोणी खोटे बोलेल, हे त्याच्या मनातच आले नाही. तो वळला आणि स्टेशनकडे पळाला. नेरळला एक देशी डॉक्टर होता. मिळाली त्या गाडीने तो तिकडे गेला.

आत जेवण चालले होते. तिथून पोपटला बर्फ आणायचा निरोप आला. तो बर्फ घेऊन गेला, परत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. समोरच्या घरातून चंद्राबाईचा आवाज येत होता. नेलीला मराठी येत नव्हते, तरी ती तिच्याशी बोलत होती. “बाय गं, डोळं उघड गं. आला बघ तुझा मानूस, आला.” तो आलेला नव्हता.

दिवस मावळायच्या आत हॉलिस नेरळच्या डॉक्टरला घेऊन आला. तोवर नेलीचा जीव गेला होता.

गोरा डॉक्टर गेला असता, तर ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. मी पत्रा आहे, मला औषध कळत नाही. तो याच फाटकाच्या आत जेवत होता, एवढे मला ठाऊक आहे.

चंद्राबाई रस्ता ओलांडून फाटकापाशी आली. “पोपट, तू व्हतास ना रं हितं?”

“व्हतो.”

“आन् डागदर आत व्हता?”

“मला सांगितलं तसं मी बोललो, आये. पेटीवर पन तेच लिवलंय.”

“पेटीला जीभ नाय. तुला हाय.” ती रस्ता ओलांडून परत गेली. त्या रात्री पोपट घरी जेवला नाही, असे मी दुसऱ्या शिपायाकडून ऐकले.

आतल्या नोकरांकडून ऐकले, की बंगल्यात बातमी पोचली, तेव्हा मेमसाहेब म्हणाल्या, “किती वाईट झाले! पण त्याने आत यायचे होते. त्या पेटीचा अर्थ काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे.” डॉक्टर म्हणाला, “अमेरिकन लोकांना रीतभात नाही.” पुरायच्या वेळी सगळे गोरे काळे कपडे घालून हजर होते. तिथे मात्र कोणी उशीर केला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलिस भर दुपारी फाटकाशी आला. दाढी वाढलेली होती. तो मला बांधलेली तार ओढू लागला. तार सुटेना. पोपटने एकदा आंब्यांच्या दिशेने पाहिले. मग पुढे होऊन त्यानेच तार सोडली आणि मला हॉलिसच्या हातात दिले.

थोड्या वेळाने मेमसाहेबांनी विचारले, “पेटी कुठे आहे?”

पोपट म्हणाला, “पेटी घरी नाय, मेमसाहेब.”

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. तिथून तो हसत बाहेर पडला, एवढे मी समोरून पाहिले.

हॉलिस मला घेऊन पायरीवर बसला. त्याने एक खिळा घेतला आणि माझ्या अंगावरचे बार्लोबाईंचे नाव खरवडून काढले. बाकीची अक्षरे तशीच ठेवली. मग त्याने मला आपल्या फाटकावर टांगले आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसला. त्याने सकाळी सवयीने दोन पेले काढले होते. दोन्ही शेजारी होते, एक कोरडा.

चौथ्या दिवशी इंग्रज भेटीला आले. कोणी मेले, की कार्डाचा कोपरा दुमडून टाकायचा, अशी त्यांची रीत आहे. एकामागून एक टांगे आले. हॉलिस पायरीवर बसलेला प्रत्येकाला दिसत होता. फाटक उघडे होते. प्रत्येकाने मला वाचले, दुमडलेले कार्ड टाकले आणि टांगा वळवला. डॉक्टरनेही टाकले. शेवटी मेमसाहेब आल्या. त्यांनी मला ओळखले. खरवडलेली जागा पाहिली, खालची अक्षरे वाचली. घरी नाही.

इतकी वर्षे मी ते वाक्य अंगावर घेऊन उभी होते. नेली आता घरी नव्हती; त्या दिवशी ते पहिल्यांदा खरे झाले होते.

मेमसाहेबांनी उघड्या फाटकातून आत पाहिले. मग त्यांनीही कार्ड टाकले आणि गेल्या. पंधरा पावलांवर माणूस बसला होता. त्यापेक्षा सोपी भेट जगात नसेल. तीही त्यांना जमली नाही.

ते गेल्यावर चंद्राबाई दूध घेऊन आली. माझ्याकडे न पाहता तिने फाटक लोटले आणि पायरीच्या खालच्या बाजूला बसली. “जेवलास का रं बाबा?” असे तिने विचारले. त्याला जेवण हा शब्द कळत होता. त्याने नाही अशी मान हलवली. मग तो रडू लागला, आणि ती तिथेच बसून राहिली.

गिरणी सुरू करून हॉलिस निघून गेला. जाताना त्याने मला उलटे करून कार्डे चुलीत टाकली आणि मला चंद्राबाईला दिले. तेव्हापासून मी तिच्या घरी आहे. ती आता फार म्हातारी झाली आहे. पोपट भाताच्या गिरणीत कामाला लागला, तो अजून तिथेच आहे. माझा रंग उडाला, कड्यांना गंज चढला, पण वाल कोरडे राहतात. शेजारची शाळेत जाणारी पोरे कधी कधी मला पाहून विचारतात, “आजे, यावर काय लिवलंय गं?” पोपटने तिला खरा अर्थ केव्हाच सांगितला आहे. तरी ती म्हणते, “लिवलंय, आत या, बसा.” आणि पोरे बसतात.

मला घासू नका, रंग देऊ नका, मित्रांनो. मला त्याची हौस नाही. तुमच्या गल्लीत नवे बिऱ्हाड आले, तर आधी कोणी जायचे याचा विचार करत बसू नका. तुम्ही जा. आणि दारावर काय लिहिले आहे ते वाचत उभे राहू नका. हाक मारा, दार लोटा, आत कोण आहे ते पाहा. आत कोणी वाट पाहत असेल.