उन्हात ठेवलेला कोच

शेवंतीने पंचा पाण्यात बुडवून घट्ट पिळला, कोचाच्या पाठीवर पसरला आणि वेताच्या छडीने त्यावर हलके फटके मारायला सुरुवात केली. कोरड्या कापडावर मारले की धूळ उडते. ओल्या पंच्यात ती चिकटून बसते. थोड्या वेळाने ती पंचा उचलून बघायची, काळपट झालेला भाग धुऊन काढायची आणि पुन्हा पसरायची. कोच तिने दारापर्यंत ओढून आणला होता आणि त्याच्या गाद्या अंगणात उन्हात उभ्या केल्या होत्या. तिची पाच वर्षांची मुलगी तुळसा पायरीवर बसून बघत होती.

"तिथेच बस. गाद्यांना हात लावू नकोस," शेवंती म्हणाली.

फाटकाची कडी वाजली. घरमालकीण आवडाबाई आत आली. डोंबिवलीच्या या बाजूची भातशेती तिच्याच घराण्याची होती आणि शेताच्या कडेला तिने भाड्यासाठी या खोल्या बांधल्या होत्या. शेवंतीचे बिऱ्हाड इथे येऊन सहा-सात महिनेच झाले होते.

"रोज करतंस गो ह्या?" आवडाबाई उकिडवी बसत म्हणाली.

"एक दिवसाआड. धूळ आत मुरली की कापड झिजतं, मग लवकर फाटतं."

आवडाबाईने कोचाच्या हातांवरच्या पांढऱ्या अभ्र्याकडे बोट केले. शेवंतीने सांगितले, की घामाने नि तेलाने तिथलेच कापड आधी खराब होते, म्हणून ते झाकायचे. डोके टेकायच्या जागी तेलकट डाग पडला तर शंखजिऱ्याची पूड टाकून ठेवायची आणि नंतर झटकायची. बसायची जागा एकच राहिली तर खळगा पडतो, म्हणून डावीकडची गादी उजवीकडे आणि वरची बाजू खाली करायची. हे सगळे तिने आजूबाजूच्या बायकांना इतक्यांदा सांगितले होते, की तोंड आपोआप चालत होते. बोलणे कोचाचे असेपर्यंत तिला भीती वाटत नसे.

आवडाबाई उठली आणि गाद्यांपाशी गेली. तिने एका गादीवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. कापडावरची हिरवी फुले पार पिवळट पडली होती.

"टिकवाचा हाय, तर इतक्या उन्हान कोन ठेवतंय? रंग सगला उडाला. आमी लुगरी बी सावलीन वालत घालतो."

शेवंतीची छडी थांबली.

"ढेकूण होतात," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून खोकला आला. एक उबळ, मग दुसरी. मग तोंडात कापड कोंबल्यासारखा दबलेला आवाज.

"यांना दमा आहे ना," शेवंती घाईने म्हणाली.

"हां," आवडाबाई म्हणाली. तिने दाराकडे पाहिले, मग पायरीवरच्या तुळसाकडे पाहिले, आणि निघून गेली.

कोच तिच्या नवऱ्याने, सहदेवने, हौसेने घेतला होता. इंग्रज जायला निघाले त्या वर्षी कल्याणच्या रेल्वे कॉलनीतला एक इंजिनीअर सामान विकत होता. सहदेव तेव्हा वर्कशॉपमध्ये कारकून होता. बैलगाडीतून कोच चाळीत आला तेव्हा सगळी चाळ येऊन त्यावर बसून गेली होती. पुढे त्याला क्षय झाला. आरोग्यधामातून इंजेक्शने घेऊन तो परत आला, पण आडवे झाले की त्याचा श्वास अडके. कोचावर टेकून बसले तरच डोळा लागे. डॉक्टरांनी शेवंतीला बजावले होते, थुंकी झाकणाच्या डब्यात, कपडे उकळून, आणि अंथरूण-पांघरूण कडक उन्हात. कोचाची लाकडी चौकट उन्हात नेता येत नव्हती. गाद्या नेता येत होत्या. रंग उडत होता, शिवण उसवत होती. ती पुन्हा शिवत होती. दुसरा कोच काही मिळणार नव्हता.

चाळीला क्षयाचे कळले तेव्हा कोणी भांडले नाही. नळावर बायका बाजूला सरकू लागल्या. एके सकाळी दारासमोर चुन्याची पूड टाकलेली दिसली. मालकाने खोली रिकामी करायला लावली, आणि त्यांचे सामान रस्त्यावर असतानाच रंगारी आत भिंती खरवडू लागले. म्हणून डोंबिवलीत आल्यावर शेवंतीने सगळ्यांना दमा सांगितला.

"आवडाबाईला कळलंय," त्या दुपारी सहदेव म्हणाला.

"तिला कोचाचं कौतुक आहे."

"तिने जा म्हणायच्या आत आपणच निघू या."

"कुठे?"

सहदेवने कोचाच्या हातावर तळवा टेकवला. "हा देऊन टाक कुणाला तरी. हा नसता तर कुणाचं लक्ष गेलं नसतं."

"आणि तुम्ही झोपणार कुठे?"

दोन दिवसांनी आवडाबाई पुन्हा आली. या वेळी ती बसलीही नाही. दोरीवर वाळत घातलेला अभ्रा तिने नाकाशी नेला.

"फिनेल घालतंस?"

"थोडं."

"उकलतंस पन?"

"तेलकट होतात म्हणून," शेवंती म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो आहे हे तिच्या ध्यानात आले.

त्यानंतर तिने गाद्या घरामागे ठेवायला सुरुवात केली. तिथे ऊन कमी यायचे. फाटकाची कडी वाजली की हातातले काम थांबायचे. विहिरीवर ती सगळ्या बायका येऊन गेल्यावर जाऊ लागली. एकदा तुळसा बापाशी बोलता बोलता कोचाच्या हाताला टेकली, तर शेवंतीने तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडली. शेवंतीला तिला जवळ घ्यायचे होते, पण आधी ती मोरीत जाऊन हात धूत राहिली. ती परत आली तोवर तुळसाचे रडणे थांबले होते आणि सहदेव भिंतीकडे तोंड करून बसला होता.

आणि मग एका दुपारी मागच्या दारावर थाप पडली. आवडाबाई उभी होती.

"घरा चल माज्यासंगती. पोरीला नको आनू."

शेवंतीने सहदेवकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. ती पदर सावरून निघाली. बांधावरून आवडाबाई पुढे चालत होती. शेवंती मनात सामान बांधत होती. भांडी पोत्यात, कपडे ट्रंकेत. कोच कशात घालायचा ते तिला सुचत नव्हते.

आवडाबाई तिला ओटीवर न नेता मागून आत घेऊन गेली. भाताच्या कणगीशेजारच्या काळोख्या खोलीत बाजेवर तिची सून, म्हणजे तिच्या मुलाची, गोपीनाथची बायको, सगुणा पडली होती. दिवाळीच्या सुमाराला ती बाळंत झाली होती. बरेच दिवस ती विहिरीवर दिसली नव्हती, आणि आपल्याच धास्तीत शेवंतीच्या ते ध्यानातही आले नव्हते. सगुणाचे गाल आत गेले होते. तान्हे मूल तिच्या कुशीला लागून झोपले होते.

आवडाबाईने बाजेखालून एक फडके काढले आणि उजेडाकडे धरले. त्यावर रक्ताचा डाग होता.

"गोपीनाथला अजून सांगला नाय," ती म्हणाली. "तो तिला माहेरा धाडंल. तिच्या माहेरा कोन नाय." मग फडके खाली ठेवून म्हणाली, "तू त्या गाद्या उन्हान घातल्या तवाच मना वाटला. तुज्या घरी दमा नाय. खरा काय ता सांग. मी कोनाला बोलनार नाय."

सगुणा डोळे उघडून बघत होती. इतके महिने जो शब्द तिने घरातल्या घरातही उच्चारला नव्हता, तो आता बोलला की परत घेता येणार नव्हता.

"क्षय आहे," ती म्हणाली.

आवडाबाईने दाराच्या चौकटीला हात टेकला.

शेवंती बाजेजवळ गेली. बाळ झोपेत चुळबुळले. "आधी याला पुढच्या खोलीत न्या," ती म्हणाली. "खिडकी उघडा. पाणी उकळायला ठेवा. आणि उद्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. इंजेक्शनं असतात. यांना गुण आला आहे."

"डाक्टर काय बोलंल? गावान बोभाटा होईल."

"होईल."

"मंग?"

"मी येते बरोबर," शेवंती म्हणाली.

घरी येऊन तिने सहदेवला सगळे सांगितले. तो रागावेल असे तिला वाटले होते. त्याने एवढेच विचारले, "तिला बसून झोप लागते का?"

"विचारलं नाही."

"विचार."

सकाळी आवडाबाईचा मुलगा गोपीनाथ बैलगाडी घेऊन फाटकाशी आला. आईने त्याला काय सांगितले कोण जाणे, तो कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. गाडीत पेंढ्यावर सगुणा गुडघे मिटून बसली होती. बाळाला खांद्याशी धरून आवडाबाई गाडीशी उभी होती; ती घरी थांबणार होती आणि तुळसालाही तिच्यापाशीच ठेवायचे ठरले होते. शेवंती गाडीत चढणार तेवढ्यात मागे पावले वाजली. सहदेव कोट घालून बाहेर आला होता. इथे आल्यापासून दिवसाउजेडी तो या फाटकाबाहेर पडला नव्हता.

"मला ते डॉक्टर ओळखतात," तो म्हणाला, आणि चाकावर पाय देऊन सावकाश वर चढला.

आवडाबाईने एका हाताने पेंढा सरकवून त्याला टेकायला जागा करून दिली.

गोपीनाथने कासरा हातात घेतला. कल्याणला जायला दोन वाटा होत्या. एक शेतातून, लांबची. दुसरी बाजारातून, सगळ्या दुकानांसमोरून.

"कुटून नेऊ?" त्याने बैलांकडे बघत विचारले.

आवडाबाईने शेवंतीकडे पाहिले. शेवंतीने सगुणाकडे पाहिले. बैलाने मान हलवली आणि घुंगरू वाजले.

"बाजारातून जवळ पडेल," सहदेव म्हणाला.

शेवंतीने गाडीची कड घट्ट धरली.