पाय पोचणारी गाडी

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. व्यंकटीने गाडी घेताना अंथरूण नीट पाहिलं, पायच पाहायचे राहून गेले. वापरलेली पल्सर स्वस्तात मिळत होती, रंग काळाभोर होता आणि विकणारा बजरंग, सहा फुटी गडी, तिच्यावर असा ऐटीत बसला होता की बघतच राहावं. व्यंकटीची उंची चार फूट अकरा इंच. गाडीवर बसून दोन्ही पाय सोडले की ते हवेत लोंबायचे. एका अंगाला झुकलं तर तेवढा एक अंगठा जमिनीला लागायचा. पण हौसेला मोल नसतं, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हौसेचं काही घेतलं होतं.

तो मूळचा नायगावचा. लातूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा सहायक, राहायला लातुरात एक खोली. लग्न जमता जमता राहिलं. तो मुलगी बघायला जायचा, पोहे व्हायचे, चहा व्हायचा, आणि परतीच्या वाटेवर मध्यस्थ हळूच उंचीचा विषय काढायचा. आई होती तोवर रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आई गेल्यापासून फोन वाजायचा तो रिचार्ज संपत आला हे सांगायला. परीक्षानळ्या धुताना बोलावं लागत नाही, आणि खोलीत बोलायचं तर कुणाशी? रविवार त्याला खायला उठायचा.

शाळेच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागतं. सकाळी तो पोचायचा तेव्हा ते हमखास बंद असायचं. रस्ता तिथे रुळांकडे चढत जातो, गाडी मागे सरकायची आणि त्याचा तो अंगठाही टिकेना. पहिल्या दिवशी तो गाडीसकट आडवाच होणार होता, पण डाव्या हाताला अगदी रस्त्याला लागून एका घराचा कट्टा होता. त्यावर पाय टेकला आणि अब्रू वाचली. कट्ट्यावर नागाबाई लसूण सोलत बसली होती.

“पाय पोचंना तर उंटावर कशाला बसलास रं बाबा?” ती म्हणाली.

दुसरं कुणी म्हणालं असतं तर व्यंकटीच्या नाकाला मिरची झोंबली असती. इथे त्याला हसू आलं.

“सस्तात मिळाली, मावशी.”

तेव्हापासून रोजचंच झालं. गाडी कट्ट्याला लावायची, डावा पाय वर टेकायचा आणि फाटक उघडेपर्यंत बोलायचं. दहा-बारा मिनिटं. डब्यात काय हाय, रातच्याला झोप लागली का, तोंड का उतरलंय, असं ती विचारायची. नागाबाई पासष्टीची, मुलगा सुदर्शन बायकोपोरांना घेऊन पुण्याला. ती मुलाचं लई कौतुक सांगायची; तो कधी येतो ते मात्र सांगायची नाही. व्यंकटी दिवसभरात जेवढं बोलायचा, त्यातलं निम्मं त्या कट्ट्यापाशीच बोलून व्हायचं.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी शाळेच्या मैदानात, सगळी पोरं प्रार्थनेला उभी असताना, गाडी थांबवताना व्यंकटीचा तोल गेला आणि तो तिच्याखाली सापडला. खरचटलं थोडं, हशा मोठा झाला. मुख्याध्यापक गुरुपादप्पा सर म्हणाले, “एक तर गाडीची उंची कमी करून घ्या, न्हाई तर इकून टाका.”

त्याच शनिवारी तो लातुरात शिवमूर्ती मिस्त्रीकडे गेला. शिवमूर्तीने सीटचा फोम दोन इंच कापला, मागे आखूड शॉकअप बसवले आणि पुढचे पाइप क्लॅम्पमधून थोडे वर सरकवून पुढची बाजूही खाली आणली.

“स्टँड बी कापावा लागंल,” तो म्हणाला. “न्हाई तर गाडी उलट्या अंगाला पडंल.”

व्यंकटी बसला. दोन्ही पाय जमिनीला लागले. त्याने उगाच गाडी डावीकडे-उजवीकडे कलवून पाहिली. त्याला इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावासा वाटला. मग कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून त्याने शिवमूर्तीलाच दोनदा सांगितलं.

सोमवारी तो फाटकाशी भर रस्त्यात, ट्रॅक्टरच्या मागे, दोन्ही पाय रोवून थांबला.

“पोचले की रं पाय!” नागाबाई कट्ट्यावरून ओरडली.

“हाव मावशी!”

ट्रॅक्टरच्या धडधडीत पुढचं काही ऐकू आलं नाही. फाटक उघडलं, तो निघाला. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी त्याने गाडी कट्ट्याकडे घेतली. त्याच्या कडेला लाल मिरच्या पसरलेल्या.

“आता तुला लागत न्हाई म्हनून वाळू घातल्या,” नागाबाई म्हणाली.

“हाव. न्हाई लागत आता,” तो म्हणाला आणि पुढे जाऊन रांगेत उभा राहिला. काही कारण नसताना परक्या बाईच्या दारात कसं थांबायचं, हे त्याला कधी जमलंच नव्हतं.

संध्याकाळी तो परत शिवमूर्तीकडे.

“सीट पयल्यासारखी उंच करून दे.”

“येड लागलं का? फोम कचऱ्यात गेला. अन् कशाला पायजे उंच?”

व्यंकटीला सांगता येईना. एका म्हातारीने आपल्याला झोप लागली का म्हणून विचारावं, एवढ्यासाठी आपल्याला गाडीवर लोंबकळायचंय, हे मिस्त्रीला कोणत्या तोंडाने सांगणार? तो तसाच खोलीवर आला, आणि फार दिवसांनी आईच्या आठवणीने रडला.

बुधवारी फाटक बंदच होतं. व्यंकटीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि खाली उतरला. चालत कट्ट्यापाशी गेला.

“काय झालं? गाडी बंद पडली का?” नागाबाईने विचारलं.

पाणी मागता आलं असतं. चेन उतरली म्हणता आलं असतं.

“न्हाई. तुमच्याशी बोलायला उतरलो,” तो म्हणाला. “मला दुसरं कुणी न्हाई बोलायला, मावशी.”

रेल्वे आली, धडधडत गेली. फाटक वर झालं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत निघून गेल्या. नागाबाईने दोन्ही हातांनी मिरच्या बाजूला लोटल्या आणि जागा करून दिली.

“मला तरी कोन हाय?” ती म्हणाली. मग एकाएकी तिचा आवाज चढला. “मग दोन म्हैने त्या गाडीवरच कशाला बसून ऱ्हायलास रं? उतरायचं न्हाई व्हय खाली?”