जरा डावीकडचा ठिपका

अण्णांची पंचाहत्तरी आठ दिवसांवर आली होती आणि त्यांना न सांगता काहीतरी मोठं करायचं खूळ लेकीच्या डोक्यात शिरलं होतं. अण्णा घड्याळजी. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद झालं, नाण्यांचा नाद मात्र सुटला नाही. त्यांच्याकडे एक पितळी नाणं होतं. सालाच्या आकड्यांखाली बारीकसा ठिपका, म्हणजे टांकसाळीची खूण. त्या साली त्या टांकसाळीतून मोजकीच नाणी बाहेर पडलेली, आणि संग्राहकांच्या हाती आजवर फक्त चार लागलेली. हे पाचवं.

पण कुणी त्याचा फोटो मागितला की अण्णांचं काहीतरी निघायचं. डबा सापडत नाही, उजेड बरा नाही, पुढच्या खेपेला बघू. बारा वर्षं हेच चाललेलं. शेवटी लेकीनंच परस्पर नाण्यांच्या पुस्तकाच्या संपादकांना शब्द देऊन टाकला.

तिचा फोटो स्टुडिओ होता. दिवसभर पासपोर्टसाठी आंबट चेहरे टिपून कंटाळलेली बाई नाणं समोर आलं की खुलायची. आज तिनं घरीच, अण्णांच्या जुन्या कामाच्या टेबलावर दिवा अगदी खाली, एका बाजूला लावला होता. असा उजेड पडला की मोहरीएवढ्या खुणेचीही सावली दिसते. फोटो मोठा करून पाहिला तर ठिपका बाकीच्या चार नाण्यांपेक्षा केसभर डावीकडे. म्हणजे साचाच वेगळा, नवा प्रकार! तिनं लगेच संपादकांना फोन केला. ते म्हणाले, मुखपृष्ठावरच घेऊ, दुपारी बघायला येतो.

नाण्यावर जुन्या प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट, चिकट थर तेवढा बसला होता. नाणं कधी घासायचं नाही, दहा मिनिटं ॲसिटोनमध्ये ठेवायचं, चिकटलेलं सगळं विरघळतं, धातूला काही होत नाही, ही अण्णांचीच शिकवण. आई बाजारात गेलेली, अण्णा आत आडवे झालेले. तिनं काचेच्या वाटीत नाणं सोडलं आणि दहा मिनिटांनी चिमट्यानं उचललं.

ठिपका वाटीच्या तळाशी पडला होता.

अण्णांच्या जन्माची कमाई आपण घालवली, एवढंच तिला कळलं. मग भिंग लावून तिनं सालाखालची जागा पाहिली आणि दुसरा धक्का बसला. तिथे ना खड्डा, ना ओरखडा. ठिपका तिथे कधी नव्हताच. निघालेला ठिपका खालून सपाट होता, त्याला पिवळट डिंकासारखं काही लागलेलं. असे पितळी ठिपके तिनं लहानपणापासून पाहिले होते. घड्याळाच्या तबकडीवर आकड्यांच्या जागी बसवतात ते.

म्हणजे अण्णांनी? ज्या माणसानं कुणाचा साधा स्क्रू कधी बदलून ठेवला नाही, त्यानं?

वासानं अण्णा उठून दारात आले होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं.

"पडला का?"

ते शेजारच्या खुर्चीवर बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तबकड्यांवरचे ठिपके आपल्या दुकानात कोण बसवायचं?"

आई बसवायची. आई डावरी, तिचा ठिपका हमखास केसभर डावीकडे जायचा, आणि अण्णा त्यावरून तिला जन्मभर चिडवत आले होते.

अण्णांनी मग थोडक्यात सांगितलं. बारा वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण त्यांचा हट्ट, ठिपक्याचं नाणं सापडल्याशिवाय ऑपरेशन नाही. ऑपरेशन बिघडलं तर मग शोधणार कोण? आईनं विनवण्या केल्या, भांडली, अबोला धरून पाहिला. मग एक दिवस त्यांच्या नाण्यांच्या ढिगात ते सापडलं. अंधुक डोळ्यांनी ते नाणं पाहून अण्णा ढसाढसा रडले आणि दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशनला गेले.

"पट्टी निघाली आणि घरी येऊन पहिलं तेच पाहिलं. ठिपक्याभोवती डिंकाची रेघ स्वच्छ दिसली," अण्णा म्हणाले. "तिला बोललो नाही. तूही बोलू नकोस."

लेकीला रडू आवरेना. एवढ्याशा घरात, ताटाशेजारी ताट मांडून जेवणारी ही दोन माणसं, आणि तिला बारा वर्षं काही म्हणता काही कळलं नव्हतं. संपादकांना आता काय सांगायचं, तिनं विचारलं.

"सांग, म्हातारा तऱ्हेवाईक आहे, द्यायचं नाही म्हणतो."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, आई बाजारातून आली होती. अण्णांनी खणातून डिंकाची बाटली काढली, पण बोटं थरथरत होती. त्यांनी ती तिच्यापुढे सरकवली. तिनं ठिपका चिमट्यात धरला, श्वास रोखला आणि आकड्यांच्या बरोबर मध्यावर नेला.

"मध्यावर नको," अण्णा हळूच म्हणाले. "ती अधूनमधून काढून बघते. जरा डावीकडे."