उजव्या बाजूचा घाट

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या बंदरावरून बस सुटते, डोंगरातल्या गावापर्यंत जाते आणि दुपारी परत आणून सोडते. इतकं सरळ होतं. पण सरळ असेल ते फिंटन कशाला करेल?

"बसमध्ये मेंढरं बसतात," तो म्हणाला. "मी गाडी घेणार भाड्याने."

"मग मेंढरंच बरी. ती निदान घरी परत पोचतात."

फिंटन माझा नवरा. आयर्लंडात, आमच्या केरीतल्या खेड्यापाड्यांतून तीस वर्षं पावाची व्हॅन चालवली त्याने. गेल्या हिवाळ्यात एके सकाळी लापशी खाता खाता त्याच्या हातातला चमचा गळून पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलता येईना. थोड्या वेळाने सगळं जागेवर आलं आणि हा बाबा म्हणतो, लापशी गार झाली. महिन्याभराने डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. डॉक्टरांनी दिली, मी नाही दिली. मी गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. कुठे जायचं झालं की मुलीला बोलवायचं, नाहीतर पाय दुखतात म्हणायचं. शेजारचा मुलगा गाडी विकत मागत होता, त्यालाही मी आशेवर ठेवलं होतं. फिंटनला सगळं कळत होतं. तो नुसता खिडकीशी बसून रस्ता बघायचा. ते मला जास्त लागायचं.

म्हणून त्या बेटावर आमचं ठरलं. एक दिवस त्याचा. धडपणे चालवली तर घरी किल्ली परत खुंटीवर, आणि मी पुन्हा तोंड उघडायचं नाही. एक जरी चूक झाली तर गाडी शेजारच्या मुलाला.

"एक जरी," मी बजावलं.

"ऐकलं. बहिरा नाही झालो अजून."

गाडीवाल्याच्या दारात मी चर्चमधून बाटलीत भरून आणलेलं तीर्थ गाडीच्या नाकावर शिंपडलं. गाडीवाला वाकून बघायला लागला, काही गळतंय का म्हणून. फिंटन मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता आणि लग्नाच्या दिवशी हसला नसेल इतका हसत होता.

गाव संपलं आणि घाट लागला. आमच्या देशात गाड्या रस्त्याच्या डावीकडून जातात, इथे उजवीकडून. म्हणजे चालवणारा डावीकडे, मी उजवीकडे, आणि माझ्या खिडकीखाली थेट दरी. कठडा म्हणाल तर नावापुरता, मधेमधे दगड. मी जीव मुठीत धरून बसले होते. पण खरं सांगते, दरीकडे मी कमीच पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कोपरा खाली ओढला जातोय का ते.

"आपल्या धाकटीच्या नवऱ्याचं नाव काय रे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गाढव."

"नाव विचारलं मी."

"डोकं तपासतेस होय माझं? कॉर्मक. आणि आहे तो गाढवच."

हे मात्र बरोबर होतं. तो चालवतही नीट होता. वळणाआधी हळू, वळणावर भोंगा. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. आमच्या केरीत असंच करतात, ओळख असो नसो. इथले लोक बघायचेसुद्धा नाहीत, पण याचं बोट काही थांबेना.

वर एका छोट्या देवळाशी, झाडाच्या सावलीत आम्ही थांबलो. घरून आणलेल्या चहापत्तीचा चहा थर्मासमध्ये होता, हॅमचे सँडविच होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने मिशीवरचे तुकडे झटकले आणि म्हणाला, "काय मग, बाईसाहेब? किल्ली कुठे लपवलीय तेवढं सांगून टाका."

"अजून परत जायचंय," मी म्हटलं.

गावाकडे, आणखी वर निघालो. आणि काय झालं कोण जाणे, पहिल्या वळणानंतर माझा जीव भांड्यात पडला. दरी लांब गेल्यासारखी वाटली. डोंगर फिंटनच्या बाजूला अगदी जवळ होता आणि माझ्या बाजूला ऐसपैस रस्ता. सकाळपासून आवळलेल्या मुठी सुटल्या. मी सीटला पाठ टेकली.

"आता कसा छान चालवतोयस," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

तो लाजला. म्हातारा लाजला हो.

घळीच्या पलीकडच्या बाजूला एक छोटा टेम्पो येताना दिसला. त्याने दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. दिवसाढवळ्या.

"पुढे पोलीस असणार," फिंटन म्हणाला. "बघ, सावध करतोय बिचारा." आमच्याकडे पुढे पोलीस उभे असले की समोरचा असेच दिवे मारून सांगतो. "भला माणूस." त्याने टेम्पोला बोट उचललं आणि वेग कमी केला. मी पट्टा लावलाय का ते चाचपलं. टेम्पो मधल्या वळणामागे गेला.

आम्ही वळलो आणि टेम्पो समोर होता. समोर म्हणजे आमच्या नाकासमोर, डोंगराला चिकटून उभा, भोंगा दाबून धरलेला. फिंटनने ब्रेकवर पाय रोवला. गाडी घसरली, खडी उडाली, थर्मास माझ्या पायावर आदळला. थांबलो तेव्हा दोन्ही गाड्यांच्या मधे माझा हातही नीट गेला नसता.

तेव्हा कुठे मला समजलं. आम्ही डावीकडून चाललो होतो. देवळापासून.

टेम्पोवाला खाली उतरला. मागे बटाट्यांची पोती होती. शिव्या देतच आला, खिडकीशी पोचला, आमची तोंडं पाहिली आणि शिव्या आवरल्या.

"इंग्रज?" त्याने विचारलं.

"आयरिश," फिंटन म्हणाला. ओठ पांढरे पडले होते, पण तेवढं म्हणाला.

टेम्पोवाल्यानेच त्याला उतरवून दगडावर बसवलं आणि गाडी उजव्या कडेला लावली. किल्ली फिंटनच्या हातात देऊन मला म्हणाला, "बाई, आता बस येईल खाली जाणारी. हात केला की थांबते. तुम्ही जा तिने. गाडी आम्ही कोणीतरी आणून देऊ." मग कपाळाला हात लावून तो गेला.

फिंटनने किल्ली माझ्यापुढे धरली.

"घे. तुझंच खरं. डोकं गेलंय माझं. घरी गेल्यावर देऊन टाक गाडी त्या पोराला." मग म्हणाला, "मारलं असतं मी तुला, इमेल्डा."

मी किल्ली घेतली. सगळा हिवाळा मला हेच ऐकायचं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं आणि बसला हात करायचा होता. वरच्या वळणांवरून ती येतानाही दिसत होती, निळी, सावकाश. मी गप्प बसले असते तर तो पुन्हा कधी स्टिअरिंगला शिवला नसता. रोज खिडकीशी बसून आपलं डोकं गेलंय असं समजत राहिला असता. आणि मला रात्रीची झोप लागली असती. देवाशपथ, मोह झाला मला.

"मलाही दिसलं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"आपण डावीकडे आहोत ते. डोळे टक्क उघडे होते माझे. उलट बरं वाटत होतं, घरच्यासारखं. म्हणून तर म्हटलं, छान चालवतोयस. तुझं डोकं गेलं असेल तर माझंही गेलंय."

"माझं मन राखायला सांगू नकोस काहीतरी."

आता मात्र माझं टाळकं सटकलं. "मन राखायला? तुझं मन राखायला मी आयुष्यात एक तरी खोटं बोललेय? एक सांग. एकच सांग."

तो विचार करायला लागला. खरंच विचार करत होता, भुवया आवळून. बस वळणावर आली, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहून वेग कमी केला. मी हात केला नाही. ती गेली.

"एकही आठवत नाही," तो शेवटी म्हणाला, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

मला ती द्यायची नव्हती, आजही द्यावीशी वाटत नाही. पण दिली.