शून्यावर फिरणारं चाक

तिने फट मोजायच्या फीलर गेजचं पातळ पातं दातेरी चाक आणि सेन्सर यांच्या मधल्या फटीत सरकवलं, ते जरासं घासतंय असं वाटल्यावर नट आवळला आणि पातं हळूच ओढून काढलं. एक मिलिमीटर. सेन्सरचं तोंड आता दात्यांच्या अगदी समोर होतं, पण त्यांना शिवत नव्हतं. चाकाच्या पलीकडच्या बाजूला दुसऱ्या जातीचा सेन्सर तिने तासाभरापूर्वीच बसवून ठेवला होता. दोघांच्या तारा दोन वेगळ्या आकडेयंत्रांना जोडल्या होत्या.

"झाली का मापं, मापाडीणबाई?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

कारखान्यात तिला सगळे याच नावाने हाक मारत. कुणी खुर्ची सरकवली तरी किती सरकवली ते विचारेल, अशी तिची ख्याती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

"चाचणी सुरूच करतेय, साहेब."

"त्यात चाचणी कसली करायची? गुंडाळीवाला घ्या. इतकी वर्षं तोच वापरतोय आपण. त्याला वीज लागत नाही, उष्णतेचं भय नाही, आपटला तरी कुरकुर नाही. संध्याकाळपर्यंत कागद माझ्या टेबलावर आला म्हणजे झालं."

साहेबांचं म्हणणं वावगं नव्हतं. भट्टीचा धूर ओढायला माणसाच्या दुप्पट उंचीचा नवा पंखा बसणार होता आणि त्याचा वेग मोजायला सेन्सर निवडायचा होता. गुंडाळीवाला म्हणजे एक लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं, बस्स. पोलादी दाता समोरून गेला की तारेत विजेचा एक ठोका उमटतो, आणि मिनिटाला किती ठोके पडले त्यावरून वेग कळतो. दुसरा म्हणजे हॉल सेन्सर, दाता जवळ आला की चुंबकातला बदल ओळखणारा. त्याला बाहेरून वीज द्यायची, तीन तारा ओढायच्या, शिवाय उष्णता लागू द्यायची नाही. राबणारा गडी हाताशी असताना असला नाजूक पाहुणा कोण घरात घेईल?

तिने मोटर सुरू केली. चाकाने वेग घेतला, दोन्ही आकडे मिनिटाला नऊशे फेऱ्यांवर जाऊन स्थिरावले. तिने नोंद केली आणि बटण उलटं फिरवायला घेतलं. सहाशे, तीनशे, शंभर. दोन्ही यंत्रांचं अगदी गळ्यात गळा घालून चाललं होतं. साठच्या आसपास गुंडाळीवाल्याचा आकडा चाळवला. पन्नासवर उगाच खाली-वर झाला. चाळीसवर तो शून्य झाला.

हॉलचा आकडा चाळीसच होता.

तार सैल झाली असेल म्हणून तिने जोडणी पुन्हा आवळली. वेग वाढवला तर आकडा निमूट परत आला. वेग कमी केला, पुन्हा शून्य. मग तिच्या लक्षात आलं की बिघडलं काहीच नाही. दाता जितका सावकाश जाईल तितका विजेचा ठोका दुबळा, आणि एका मर्यादेखाली तो इतका दुबळा होतो की यंत्राला ऐकूच जात नाही. हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्यावर तिला पैकीच्या पैकी गुणही मिळाले होते.

तिने कानामागची पेन्सिल काढली आणि तिचं टोक दात्यांपाशी नेलं. समोर आकडा शून्य होता. चाकाने पेन्सिल तिच्या बोटांतून हिसकावली आणि मोडून जमिनीवर टाकली.

"शून्य होतं," ती मोठ्याने म्हणाली. ते वाक्य तिचं नव्हतं, तिच्या बाबांचं होतं.

ती सात वर्षांची असताना बाबा दुसऱ्या एका कारखान्यात अशाच पंख्याच्या पॅनेलवर उभे असत. मामाला, म्हणजे आईच्या धाकट्या भावाला, त्यांनीच तिथे चिकटवलं होतं. एके दिवशी पाती साफ करायला पंखा बंद केला. बाबांनी पॅनेलवरचा आकडा पाहिला आणि हाक दिली, "थांबला. उघड." मामाने पंख्याच्या पोटावरचं झाकण उघडून आतल्या अंधारात हात घातला. धुराड्याच्या ओढीने पंखा अजून सावकाश फिरत होता. मामाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. बाबा एकच सांगत राहिले, आकडा शून्य होता. चौकशीच्या लोकांनी पंखा पूर्ण वेगात चालवून आकडा तपासला. तो बिनचूक निघाला. मग खापर फोडायला एकच डोकं उरलं. घाई केली असा शेरा मारून बाबांना गोदामात टाकलं, आणि ते निवृत्त होईपर्यंत तिथेच खोकी मोजत राहिले.

घरात भांडण असं झालंच नाही, झालं असतं तर बरं झालं असतं. मामा येत असे, बसत असे, पण बाबांशी थेट बोलत नसे. बाबा हातभर अंतरावर बसलेले असताना तो आईला म्हणे, "ताई, दाजींना विचार, चहा घेणार का." आणि बाबाही आईलाच सांगत, "अर्धा कप म्हणावं." पाहुण्यांना ती गंमत वाटे. बाबा पहिलं वर्षभर अधूनमधून म्हणत, शून्य होतं. एकदा जेवताना म्हणाले तेव्हा आईने हातातला डाव खाली ठेवला.

"माझ्या भावाची बोटं गेली, आणि तुम्ही अजून आकडाच धरून बसलाय."

त्यानंतर बाबांनी त्या विषयावर ब्र काढला नाही. घराने मात्र घाई हा शब्द त्यांच्या अंगाला कायमचा डकवून टाकला. दुधाचं भांडं उतू गेलं की बाबांची घाई, बस चुकली तरी बाबांचीच घाई. तीही म्हणायची. कॉलेजात विजेची वेटोळी आणि चुंबक शिकून घरी आली तरी म्हणायची. एवढी पुस्तकं वाचून आपल्याच घरातल्या माणसाचं म्हणणं आपल्याला तपासून पाहावंसं वाटलं नाही, याची तिला आता लाज वाटली. तिने मोडकी पेन्सिल उचलून खिशात टाकली.

संध्याकाळी तिने साहेबांना चाचणीच्या टेबलापाशी बोलावलं आणि कागद देण्याआधी नवी पेन्सिल दिली. "आकडा शून्य झाला की चाकाला लावा."

पेन्सिल मोडली तेव्हा साहेबांनी नकळत दोन्ही हात खिशात घातले.

"पण हॉलला उष्णता सोसणार नाही, त्याचं काय?"

"धुराच्या बाजूला नाही लावायचा. पंख्याच्या दांड्याच्या मागच्या टोकाला लावू, बेअरिंगच्या पलीकडे. तिथे हात ठेवता येतो इतपतच गरम असतं. जुन्या पंख्यांवर मी मोजलंय."

"ते मोजलं असणारच," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. जाता जाता दारात थांबले. "जुन्या पंख्यांवरही बदलावे लागतील का हो?"

"लागतील."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने बाबांना सांगितलं, चला, एक गंमत दाखवते. बाबांनी चप्पल घातली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि वाटेत एकदाही काय गंमत म्हणून विचारलं नाही. चाचणीच्या खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिने त्यांना स्टूल दिलं, ते बसले नाहीत. तिने चाक नऊशेवर नेलं, मग हळूहळू खाली आणलं, आणि गुंडाळीवाल्याचा आकडा शून्य झाल्यावर काहीही न बोलता चाकाकडे बोट दाखवलं.

बाबांनी आकड्याकडे पाहिलं, मग चाकाकडे.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिने पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी तिचा हात बाजूला करून बटण स्वतः धरलं आणि इतकं सावकाश फिरवलं की तिलाच धीर धरवेना. आकडा साठवर चाळवला, चाळीसवर शून्य झाला. बाबांनी बटण सोडलं आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आमच्याकडे हाच होता?"

"याच जातीचा. तेव्हा सगळीकडे हाच असायचा. चौकशीवाल्यांनी पूर्ण वेगात तपासला, म्हणून त्यांना दिसलं नाही." तिने खिशातून फोन काढला. "बाबा, तुम्ही खरं सांगत होता. सत्तावीस वर्षांपूर्वीच तुम्ही खरं सांगितलं होतं, आणि आम्ही कुणी... मी आत्ता आईला फोन करते. मामाला करते."

"थांब जरा."

बाबा हसतील, रडतील, निदान कपाळावर हात मारून घेतील, अशी तिने रात्रभर कल्पना केली होती. त्यातलं काहीच झालं नाही. ते मान एका बाजूला कलती करून फिरत्या चाकाकडे पाहत नुसते उभे होते.

"आमच्या पंख्याच्या मागच्या बेअरिंगला एक खोड होती," ते म्हणाले. "एका फेऱ्याला एकदा टक् वाजायचं. नवा आकडा बसायच्या आधी आम्ही त्याच्यावरच चालायचो. टक् बंद झालं की शंभर मोजायचे, मग झाकण. आकडा बसला तेव्हा इंजिनिअर हसून म्हणाला, आता कान टवकारून उभं राहायचं काम नाही. मलाही बरं वाटलं. भिंतीला टेकून पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं किती दिवस उभं राहायचं?"

पुढचं वाक्य काय असेल ते तिला कळलं आणि ते येऊ नये असं तिला मनापासून वाटलं.

"त्या दिवशी टक् येत होतं. दोनदा ऐकलं मी. आकड्याकडे पाहिलं तर शून्य. म्हटलं, कान जुना झालाय आपला, आकडा नवा आहे. आणि हाक दिली."

"हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगू? शून्य होतं हेच कुणी मानलं नाही. आवाज येत होता म्हटलं असतं, तर तेवढं मात्र सगळ्यांनी लगेच मानलं असतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग तेही गिळलं. आणि गिळल्यावर ते काही पचलं नाही, बघ."

"पण बाबा, चूक सेन्सरचीच आहे. तुमच्या जागी कुणीही आकड्यावरच विश्वास ठेवला असता."

"कुणीही ठेवला असता. पण मला ऐकू आलं होतं."

ती त्यांच्याजवळ सरकली. पुढचं बोलताना ती त्यांच्या डोळ्यांकडे पाहू शकली नाही.

"मग ते राहू दे ना आता. कशाला काढायचं? शून्याचं तर सिद्ध झालंय. मामाला एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. तुम्हाला नाही का वाटत, घरात एकदा तरी सगळं सुरळीत व्हावं?"

"वाटतं की. सगळ्यांत जास्त मलाच वाटतं." त्यांनी तिच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. "लाव फोन. शून्याचं तू सांग. आवाजाचं मी सांगतो."

तिने फोन लावला. मामाने उचलला, भाचीचा आवाज ऐकून नेहमीसारखी थट्टा सुरू केली, आज कुणाचं माप काढलं म्हणून विचारलं. तिने सगळं सांगितलं. चाक, दोन सेन्सर, चाळीसवर शून्य झालेला आकडा, पेन्सिल. चौकशीत तपासणी पूर्ण वेगात झाली होती हेही सांगितलं. मग मामाचा आवाज आला, आणि तो मामाचा वाटेना.

"म्हणजे दाजी खरं बोलत होते."

"हो, मामा."

"आणि मी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या समोर बसून... अगं पोरी, काय केलं मी हे? तिथे आहेत ते? दे. दे त्यांना फोन. मला माफी मागू दे त्यांची."

खोली लहान होती आणि मामाचा आवाज मोठा. बाबांनी सगळं ऐकलं होतं. ती फोन हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. अजूनही ते नुसतं बरं बरं म्हणू शकत होते. तिने कुणाला काही सांगितलं नसतं, आणि हे त्यांना माहीत होतं.

बाबांनी फोन घेतला. मामा पलीकडून बोलायला लागला होता, दाजी, दाजी म्हणत होता, पुढचे शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हते.

"माफी नको मागूस," बाबा म्हणाले. त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. "आधी माझं ऐकून घे."