चौथ्या ठोक्यावरचं फुलपाखरू

माइकवरचा गंज रंगवलेला होता. ओकबुनने नखाने खरवडून पाहिलं तर खालून काळं गुळगुळीत प्लॅस्टिक निघालं, आणि तपकिरी रंगाची एक कपची नखात अडकून राहिली — म्हणजे या सोल शहरात कुणीतरी माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जातो, बारीक कुंचल्याने दिवसभर गंज चढवत बसतो आणि संध्याकाळी बायकोला सांगतो, आज फार सुरेख गंजलं... माइकला वायर नव्हती. आत काहीच नव्हतं. मक्याच्या कणसाएवढा, चंदेरी, बाकी तंतोतंत तसाच. तरी टेबलावर ठेवताना तिने तो दोन बोटांनीच धरला, मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तसा.

"बाई, जपून हं. आमच्यापेक्षा त्याचा विमा मोठा आहे," युन म्हणाला. युन मुलींचे नाच बसवायचा. तिशीचा, दोन्ही कानांत डूल. "जवाचा चहा देऊ?"

तळघरातली तालमीची खोली, चारही भिंतींना आरसे. जिकडे बघावं तिकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक ओकबुन उजवा हात कोटाच्या खिशात घालून बसलेली, आणि मधे पाच मुली — साठच्या दशकातले फ्रॉक, डोक्यावर केसांची मोहोळं, कोपरापर्यंत हातमोजे, तेही जुने दिसावेत म्हणून चहात बुडवलेले. कंपनीला नव्या गाण्यासाठी जुना थाट हवा होता, आणि जुन्या थाटाला जिवंत पुरावा. कॅमेऱ्यासमोर ओकबुनने एवढंच म्हणायचं होतं: हुबेहूब, अगदी आम्हीच.

पण ती वेगळंच वाक्य घेऊन आली होती. बसमध्ये तिने ते अकरा वेळा पुटपुटून पाहिलं होतं. सातव्या वेळी शेजारची बाई जागा बदलून गेली. ते फुलपाखरू नाही, शॉक आहे — आणि तो मालसुनच्या वाट्याला यावा म्हणून आम्ही दोघींनी लबाडी केली. बस. आज नाही बोललं तर मग कुणाला सांगायचं? सोबत गाणारी कुमजा नऊ वर्षांपूर्वी गेली. मालसुन गेल्या हिवाळ्यात. तिच्या अंत्यविधीला ओकबुन माफी मागायला म्हणून गेली आणि तिथे येणाऱ्या सगळ्यांना वाढतात त्या बीफच्या लाल रश्शाचे दोन वाडगे पिऊन परत आली. समोर मांडलेल्या फोटोतली मालसुन हसत होती. रस्सा चांगला होता.

"पाच, सहा, सात, आठ!" युनने टाळी वाजवली. दुसऱ्या ओळीच्या चौथ्या ठोक्याला मधल्या मुलीने माइकजवळून एकदम मान मागे घेतली, खांदे उडवले, दोन्ही हात पंखांसारखे फडकले. कंपनीने याचं नाव फुलपाखरू ठेवलं होतं. "अगं राओन, मान आधी! झुरळ बघितल्यासारखं नको. प्रेमात पडल्यासारखं!"

प्रेमात... सदुसष्ट साल. अमेरिकन सैनिकांच्या छावण्या, तिघीजणी, एक माइक, तोही कार्यक्रम मिळवून देणाऱ्या दलालाचा. इंग्रजी गाणं कोरियन अक्षरांत लिहून घेतलेलं. ते प्रेमाचं असावं असा सगळ्यांचा अंदाज होता, पंखादुरुस्तीचं असतं तरी त्यांनी ते तितक्याच आर्ततेने म्हटलं असतं. पहिल्या आठवड्यात मधे ओकबुन होती. ओठ माइकला लागले आणि जिभेवर पत्र्याच्या चमच्याची चव, दातांत मुंग्या, डोळ्यांपुढे पांढरं. दलाल म्हणाला, "ओठ कशाला लावतेस? माइक आहे तो, नवरा नाही." मग ठरलं की रोज कात्री-दगड-कापड खेळायचं आणि जी हरेल तिने मधे उभं राहायचं. दोनच दिवसांत कुमजाच्या लक्षात आलं. विंगेत ती कानाशी लागली, "धाकटी सारखी कात्रीच दाखवते गं. आपण दगड दाखवायचा."

मालसुन सतरा वर्षांची, घरातली पाचवी मुलगी. नावाचाच अर्थ — आता पुरे. जिला नावातच नको म्हटलंय तिला आणखी एका नकोने काय होणार, असं कुमजा म्हणाली होती की माझ्या मनात आलं होतं? मी दगड दाखवला. रोज दगड. तीन वर्षं, आठवड्याच्या सहा संध्याकाळी. मालसुन दोन बोटं पुढे करायची, हसायची, "घ्या, हरले बाई," आणि मधे जाऊन उभी राहायची. मग तो ठोका. तिकडे मालसुन उडायची, सैनिक शिट्ट्या मारायचे, पोस्टरवर तिचा चेहरा मोठा आणि या दोघींचे कानाएवढे.

आता या पाच जणी मधल्या जागेसाठी रडतात. त्यातल्या दोघी त्यापायी महिनाभर एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

विश्रांतीत राओन फोन घेऊन तिच्या पायाशी येऊन बसली. पाचांतली सर्वांत धाकटी, घाम आलेला, मोहोळ एका बाजूला कललेलं.

"आजी, एक विचारू?"

"बाई म्हण," युन तिकडून ओरडला.

"आजीबाई." तिने फोन पुढे धरला. छावणीत कुणीतरी घेतलेल्या फिल्मचे वाचलेले चाळीस सेकंद. "हे तुम्ही ना, डावीकडच्या? फुलपाखराच्या वेळी तुमचे डोळे मिटलेत. तिन्ही वेळा."

"उजेड यायचा डोळ्यांवर," ओकबुन म्हणाली. उजेड नव्हता. मालसुनला शॉक बसताना पाहवायचं नाही, म्हणून तिसऱ्या ठोक्यालाच ती डोळे मिटून घ्यायची. रोज.

"मी हे तीनशेदा पाहिलंय. सगळ्या माझ्याकडे खाऊ की गिळू बघतात, मला चुकून चालत नाही. आता मालसुनबाईंचे ओठ बघा. एक, दोन, तीन — मोजतायत. चौथ्याला उडी. तिन्ही वेळा! आणि माइकला तोंड लागतच नाही हो, अख्खी किंबापची भाताची वळकटी मधून जाईल. कसल्या भारी होत्या ना? मला अजून तो ठोका सापडत नाही."

ओकबुनने फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब, मग परत जवळ. मालसुन मोजत होती. एक, दोन, तीन. विजेला कसला आलाय ताल — वीज कधी चौथ्या ठोक्याची वाट बघते?

म्हणजे दलालाने वायर केव्हाच बदलली असेल; कळणार कुणाला, नंतर त्या माइकजवळ मालसुनशिवाय कुणी फिरकलंच नाही. पहिल्यांदा बसला असेल तिला शॉक, एकदा, दोनदा... मग शिट्ट्या ऐकू आल्या असतील. आणि कात्री? नऊशे वेळा कात्री? कोंबडीसुद्धा एवढ्यात शहाणी होते. आम्हाला शॉक बसू नये म्हणून हरत होती, की मधली जागा हवी म्हणून — आणि आम्ही दोघी विंगेत दबक्या आवाजात हसत होतो, केवढ्या आम्ही चलाख... फोटोतलं ते हसू. त्या हसण्यासमोर बसून मी दोन वाडगे रस्सा प्यायले.

इतकी वर्षं ओकबुनने तो अपराध घरात ठेवून घेतला होता. लग्न झालं तेव्हा तो आला, विधवा झाली तेव्हा राहिला. जेवताना समोर असायचा, दुसरं कुणी नसलं तरी. आज कळतंय की त्याला दिलेल्या खोलीत बहुधा कुणी राहतच नव्हतं. मग माझं ताट कुणासमोर होतं?

"चला, बाईंचं घेऊ या," युन म्हणाला. "सोपं आहे. मुली नाचतील, बाई बघतील, मग एक वाक्य. वाटलं तर डोळ्यांत पाणी. नाही आलं तर आमच्याकडे थेंब आहेत."

कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला. मुली उभ्या राहिल्या. गाणं सुरू झालं, नवंकोरं, आत कुणीतरी जुन्या तबकडीची खरखर मिसळलेली. अकरा वेळा घोटलेलं वाक्य तोंडात होतं, पण त्यातला शॉक कुठे ठेवावा आणि लबाडी कुणाच्या नावावर, ते तिला कळेना. जिभेवर पत्र्याची चव आली. मग लक्षात आलं, खिशातल्या उजव्या हाताची मूठ आहे. सकाळी बसमध्येही होती. कदाचित कधीपासूनच... तिने बोटं सोडायला सुरुवात केली, ती दुखत होती, एकेक करून उघडत होती, आणि अस्तराला टेकलेला तो पसरट तळहात कात्रीपुढे हरणारा आहे हे तिच्या ध्यानात आलं, पण समोर खेळायला आता कुणी नव्हतं.

एक. दोन.

तिसऱ्याला पापण्या सवयीने खाली यायला लागल्या, आणि ओकबुनने त्या सगळं बळ लावून वर धरून ठेवल्या.