डिंकवहिनीचा चष्मा

लिलावघराच्या मागच्या खोलीत ती तीस वर्षं फुटकी भांडी जोडत होती, म्हणून सगळे तिला डिंकवहिनी म्हणायचे. खरं तर डिंकाला तिनं कधी बोटही लावलं नव्हतं. पण हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं, आणि नवरा पडला लिलावघराचा पारखी. तो म्हणेल ती पूर्व दिशा.

पारखी भांडं नखानं वाजवून बघायचा. अखंड चिनी माती वाजली की नाद रेंगाळतो, जोडलेली लगेच गप्प बसते. शास्त्र म्हणाल तर एवढंच, पण मालकांनी त्याच्या कानाचा केवढा गाजावाजा करून ठेवला होता! 'इतरांकडे तपासायचे दिवे आहेत, आमच्याकडे पारख्याचा कान आहे,' असं लिलावाच्या प्रत्येक सूचीत पहिल्या पानावर छापलेलं असायचं. त्याच सूचीत डिंकवहिनीच्या वाट्याला दोन शब्द, 'किरकोळ दुरुस्ती'. एकदा तिनं भीत भीत विचारलं होतं, "अहो, तिथं माझं नाव घालता येईल का?" तो पोट धरून हसला. "डिंकाला कसलं आलंय नाव!"

दोन वर्षांपूर्वी तो कान गेला. ती घरात नसली की दाराची घंटा वाजवून वाजवून लोक परत जायला लागले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तो मात्र कबूल होईना; समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा आणि वेळ मारून न्यायचा. मग लिलावाआधीच्या एका पाहणीच्या दिवशी ती त्याचा डबा घेऊन पुढच्या दालनात गेली. तो एक ताटली वाजवत होता आणि चेहरा कोरा होता. आवाज बसका आलेला. जोड कुठे आहे ते बघायला तिनं सवयीनं चष्मा नाकावर खाली ओढला. त्यानं ते पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "जोडलेली आहे." तेव्हापासून दर पाहणीला ती डबा घेऊन टेबलापलीकडे हजर. बसका आवाज आला की चष्मा खाली, नाहीतर जागच्या जागी. घरी यावर कधी अवाक्षर निघालं नाही. ती आपली समजूत घालायची, माणूस मानी आहे, आपल्यालाच ऐकू येतंय असं त्याला खरंच वाटत असेल.

त्या दिवशी दालन खच्चून भरलं होतं. शिसवी कपाटं, वेत उसवलेल्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेली तैलचित्रं, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेला आकडा. मधल्या टेबलावर एक निळी सुरई होती. डिंकवहिनीनं ती दारातूनच ओळखली. बावीस वर्षांपूर्वी तीन तुकड्यांत आली होती. चार महिने तिनं त्या निळ्या रंगाशी झटापट केली होती आणि सुरई परत देताना कोपऱ्यात जाऊन रडली होती. असं काम तिच्या हातून पुन्हा झालं नाही.

"जोडलेली नाही ना?" दातांच्या एका डॉक्टरांनी विचारलं. सुरई त्यांच्या मनात भरली होती.

"अहो डॉक्टर, बायकोचं डिंककाम बघत म्हातारा झालो मी," पारखी म्हणाला. "असली ठिगळं दहा पावलांवरून ओळखतो."

लोक खो खो हसले. डिंकवहिनी डबा घेऊन तिथंच उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानं नख मारलं. आवाज बसका आला. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचा हात चष्म्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. ओळखा ना, ती मनात म्हणाली, दहा पावलं कशाला, हातातच आहे की तुमच्या.

चष्मा जागचा हलला नाही.

"अखंड!" पारखी म्हणाला. "शंभर नंबरी!"

लिलावात डॉक्टरांनी हात खाली म्हणून घेतला नाही. सुरई त्यांनाच मिळाली आणि आठवड्याभरात ती घेऊन ते मालकांच्या खोलीत हजर झाले. पारख्याला बोलावणं गेलं, मागोमाग डिंकवहिनीलाही.

"दातात भरलेलं ज्या निळ्या दिव्याखाली दिसतं ना, त्याच दिव्याखाली धरली," डॉक्टर म्हणाले. "सरळ तीन तुकडे आहेत. पण एक सांगतो, इतका सुरेख दात मी आयुष्यात भरलेला नाही."

तीस वर्षांत तिच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं ते हे असं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हिनं जोडली, मलासुद्धा कळली नाही, एवढं एक वाक्य त्यानं बोलायचं होतं. त्याचीही लाज राहिली असती. तिला आणखी काही नको होतं.

"मला काय विचारता?" पारखी म्हणाला. "दोन वर्षं मला ऐकू येत नाही. ऐकायला ही उभी असते समोर. हिनं चष्मा खाली घेतला नाही. फसवलं असेल तर हिनं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्या ताटलीपासून ठाऊक होतं. दर पाहणीला तिच्या कानांवर जगला, तिचा डबा खाल्ला आणि वर चारचौघांत तिचीच चेष्टा केली. तिला त्या माणसाची किळस आली.

"वहिनी, जोडली कुणी ही?" मालकांनी विचारलं.

"मी."

"आणि त्या दिवशी आवाज ऐकू आला होता?"

"आला होता."

मालकांनी समोरची सूची मिटली. "मग उद्यापासून तुम्ही दोघंही येऊ नका."

डॉक्टर सुरई उचलून तिच्याभोवती कागद गुंडाळत बसले.

बाहेर अंगणात हमाल एक कपाट गाडीत चढवत होते. पारखी तरातरा पुढे चालला होता. फाटकापाशी तो थांबला आणि वळला.

"एवढं काय बिघडलं होतं गं आपलं?" तो म्हणाला. "चांगलं चाललं होतं ना सगळं?"

आणि सवयीनं तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिच्यापाशी तीस वर्षांचं बोलणं साठलेलं होतं, पण ते आता कुठल्या कानात ओतायचं? तिनं हात वर नेला आणि चष्मा नाकावर खाली ओढला.

त्याचा चेहरा पडला. ही खूण ओळखण्यात त्याची आजवर एकदाही चूक झाली नव्हती.